मेंट्झर 11 आला, पण निदान अजून बाकी आहे

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यातला आवश्यक भाग असा :

"मला दोन मुली. थोरली 26 वर्षांची, नोकरी करते. धाकटी 19 वर्षांची, कॉलेजात आहे. दोघींचेही हिमोग्लोबिन कमी असते. थोरलीला दोन वर्षे लोहाच्या गोळ्या चालू आहेत, तरी आकडा साडेदहाच्या वर सरकत नाही. धाकटी गोळ्या कधी घेते, कधी विसरते. गेल्या महिन्यात दोघींचे सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) केले. थोरलीचे हिमोग्लोबिन 10.4, आरबीसी काउंट 5.62, एमसीव्ही 62, एमसीएच 18.5, आरडीडब्ल्यू 15.1. धाकटीचे हिमोग्लोबिन 10.2, आरबीसी 4.42, एमसीव्ही 74, एमसीएच 23.1, आरडीडब्ल्यू 18.4. बाकी रिपोर्ट चांगले आहेत. माझा भाचा बी. फार्म. करतो. त्याने एमसीव्हीला आरबीसीने भागून मेंट्झर इंडेक्स काढला. थोरलीचा 11 आला आणि धाकटीचा जवळपास 17. त्याच्या मते थोरलीला थॅलेसेमिया मायनर आहे, तिच्या गोळ्या बंद कराव्यात, आणि धाकटीला फक्त लोह कमी आहे. आमचे फॅमिली डॉक्टर मात्र म्हणाले की दोघींनाही त्याच गोळ्या चालू ठेवा. थोरलीचे लग्न ठरले आहे, मुलाकडचे लोक चंद्रपूरचे आहेत. कोणाचे खरे मानायचे? आणि थॅलेसेमिया मायनर निघाला तर सासरी सांगावे का?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या भाच्याचा भागाकार बरोबर आहे, आणि थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे आई किंवा वडिलांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे तांबड्या पेशी लहान राहण्याची, त्याला आलेली शंकाही रास्त आहे. मात्र त्या शंकेवरून गोळ्या बंद करणे बरोबर नाही, आणि काहीही न तपासता त्याच गोळ्या तिसऱ्या वर्षात नेणेही बरोबर नाही. थोरल्या मुलीच्या आणखी दोन तपासण्या लगेच करून घ्याव्यात : सिरम फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी. या दोन्ही तपासण्या लग्नाच्या आधी व्हाव्यात असा माझा आग्रह आहे. त्यामागची कारणे मी सविस्तर सांगतो, कारण आपल्यासारख्या अनेक घरांत हेच आकडे कपाटातल्या फाइलमध्ये वर्षानुवर्षे पडून असतात आणि त्यातल्या हिमोग्लोबिनच्या एकाच ओळीकडे सगळ्यांचे लक्ष जाते.

दोघींचे हिमोग्लोबिन जवळजवळ सारखे आहे, म्हणूनच दोघींना एकच औषध मिळाले. त्याखालच्या ओळी वाचल्या तर मात्र या दोन वेगळ्या कहाण्या दिसू लागतात. एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. मोठ्या माणसांत ते साधारण 80 ते 100 फेमटोलिटर असते. थोरलीचे 62 आहे आणि धाकटीचे 74, म्हणजे दोघींच्याही पेशी लहान आहेत. एमसीएच म्हणजे एका पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन भरले आहे तो आकडा, आणि तोही दोघींत 27 पिकोग्रॅमच्या बराच खाली आहे. खरा फरक आहे तो आरबीसी काउंटमध्ये. थोरलीच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये 56 लाखांहून अधिक तांबड्या पेशी आहेत, आणि निरोगी स्त्रीमध्ये हा आकडा बहुधा 38 ते 48 लाखांच्या दरम्यान असतो. जिला रक्त कमी आहे असे आपण दोन वर्षे म्हणत आहोत, तिच्या शरीरात तांबड्या पेशींची संख्या नेहमीपेक्षा जास्त आहे. धाकटीच्या पेशी 44 लाख आहेत, म्हणजे मर्यादेत आहेत आणि जास्त तर नाहीतच.

तांबडी पेशी अस्थिमज्जेत तयार होते. हिमोग्लोबिन बनायला लोह लागते आणि ग्लोबिन नावाची प्रथिनांची साखळीही लागते. लोह कमी पडले तर मज्जेला कच्चा मालच मिळत नाही, त्यामुळे पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही हळूहळू घटते. परातीतले पीठ कमी पडले की भाकऱ्या लहानही होतात आणि थोड्याही, तसेच हे आहे. थॅलेसेमिया मायनरमध्ये लोहाचा साठा बहुधा पुरेसा असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेल्या सदोष जनुकामुळे ग्लोबिनची एक साखळी कमी बनते, त्यामुळे प्रत्येक पेशी लहान निघते, आणि मज्जा ती तूट संख्येने भरून काढते. म्हणून लोहाच्या कमतरतेत एमसीव्ही आणि आरबीसी दोन्ही खाली येतात, तर थॅलेसेमिया मायनरमध्ये एमसीव्ही खूप खाली जातो आणि आरबीसी वर राहतो. एकाला दुसऱ्याने भागले की हा फरक मोठा होऊन दिसतो.

हा साधा भागाकार विल्यम मेंट्झर या अमेरिकी बालरक्तविकारतज्ज्ञांनी 1973 साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला. भागाकार 13 पेक्षा कमी आला तर थॅलेसेमिया मायनरची शक्यता अधिक, 13 पेक्षा जास्त आला तर लोहाच्या कमतरतेची शक्यता अधिक, असा त्याचा अर्थ. थोरलीचे 62 भागिले 5.62 म्हणजे 11.0, आणि धाकटीचे 74 भागिले 4.42 म्हणजे 16.7. पन्नास वर्षांनंतरही हे गणित टिकून आहे, कारण त्याला वेगळा खर्च नाही आणि जिथे सीबीसीचे यंत्र आहे तिथे ते कोणालाही करता येते. तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या डॉक्टरांना शंभर रिपोर्टांतून कोणते दहा पुढच्या तपासणीला पाठवायचे हे ठरवताना त्याचा फार उपयोग होतो, आणि ते प्रत्येक दवाखान्यात वापरले जावे असे मला मनापासून वाटते.

त्याच काळात आणि नंतरही अशी अनेक सूत्रे निघाली. सगळीच सूत्रे सारखे उत्तर देतात का, हे आपल्या थोरल्या मुलीच्याच आकड्यांवर पाहू. एमसीएचला आरबीसीने भागण्याची एक रीत आहे. त्यात 3.8 च्या खाली थॅलेसेमिया मायनरचा संशय धरतात, आणि तिचे उत्तर 3.3 येते. एमसीव्हीला आरडीडब्ल्यूने (पेशींच्या आकारातल्या विषमतेच्या आकड्याने) गुणून आरबीसीने भागण्याची दुसरी रीत आहे. त्यात 220 च्या खाली तोच संशय असतो, आणि तिचे उत्तर सुमारे 167 येते. धाकटीचे याच रीतीने 308 येते. एमसीव्हीतून आरबीसीची दहापट वजा करण्याची आणखी एक रीत आहे, त्यात 15 च्या खाली संशय असतो आणि थोरलीचे उत्तर 6 च्या आत येते. इथपर्यंत सगळ्या रीतींचा कौल एकच आहे.

इंग्लंड आणि फ्रेझर यांचे 1973 चेच सूत्र मात्र वेगळे बोलते. त्यात एमसीव्हीतून आरबीसी वजा करायचा, मग हिमोग्लोबिनची पाचपट वजा करायची आणि शेवटी 3.4 वजा करायचे. उत्तर शून्याखाली आले तर थॅलेसेमिया मायनर, शून्याच्या वर आले तर लोहाची कमतरता. थोरलीचे 62 वजा 5.62, वजा 52, वजा 3.4, म्हणजे उरते अधिक 0.98. या सूत्राप्रमाणे तिला लोहाची कमतरता आहे! मुलगी तीच, रक्त तेच, रिपोर्टही तोच, आणि कौल उलटा. आता तिचे हिमोग्लोबिन 10.4 ऐवजी 10.6 आले असते आणि बाकीचे आकडे असेच राहिले असते, तर उत्तर शून्याच्या किंचित खाली गेले असते आणि निर्णय फिरला असता. एकाच दिवशी दोन लॅबमध्ये रक्त दिले तरी हिमोग्लोबिनमध्ये 0.2 चा फरक सहज पडू शकतो. ज्या सूत्राचा निकाल एवढ्या फरकाने पालटतो, त्याच्या आधारे दोन वर्षांचे औषध बंद करणे किंवा मुलीच्या नावापुढे आयुष्यभराचे निदान लिहिणे मला मान्य नाही.

या मतभेदातून एक उपयोगाची सूचनाही मिळते. इंग्लंड-फ्रेझर सूत्रात हिमोग्लोबिनला पाचपट वजन आहे, त्यामुळे हिमोग्लोबिन जरा जास्त उतरले की त्याचा काटा लोहाच्या कमतरतेकडे झुकतो. थॅलेसेमिया मायनर असलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 10 ते 12 च्या दरम्यान असू शकते, म्हणून 10.4 हा आकडा त्यात बसतो, पण तो खालच्या टोकाला आहे. तिचा आरडीडब्ल्यूही 15.1, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या थोडा वर आहे. आरडीडब्ल्यू हा पेशींच्या आकारातल्या विषमतेचा आकडा. लोहाच्या कमतरतेत काही पेशी कमतरतेच्या आधीच्या आणि काही नंतरच्या असल्याने तो चांगलाच वाढतो, आणि धाकटीचा 18.4 हा त्याचा नमुना आहे. थॅलेसेमिया मायनरमध्ये बहुतेक सगळ्याच पेशी सारख्या लहान असतात, म्हणून तो मर्यादेत किंवा जरासा वर राहतो. सूत्रांचा मतभेद, हिमोग्लोबिन आणि आरडीडब्ल्यू एकत्र वाचता मला अशी शक्यता दिसते की थोरली थॅलेसेमियाची वाहक, म्हणजेच थॅलेसेमिया मायनर असलेली, असेल आणि शिवाय तिच्या शरीरातले लोहही थोडे कमी असेल. दोन्ही एकाच व्यक्तीत असू शकतात, आणि मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्ये ते दुर्मीळ नाही. भाच्याच्या हिशेबात हीच शक्यता सुटली आहे. म्हणून फेरिटिन पाहिल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत.

तरीही वाहक असण्याकडे माझा कल का आहे, हेही सांगतो. निव्वळ लोहाच्या कमतरतेत आधी साठा संपतो, मग हिमोग्लोबिन उतरते आणि पेशींचा आकार त्याच्या मागोमाग लहान होत जातो. एमसीव्ही 62 पर्यंत पोहोचतो तेव्हा हिमोग्लोबिन बहुतेक वेळा सात-आठच्या घरात आलेले असते, आणि मुलगी जिना चढताना धापा टाकू लागलेली असते. हिमोग्लोबिन 10.4 असताना एमसीव्ही 62 असणे ही विसंगती आहे, आणि कोणत्याही सूत्राआधी अनुभवी डोळा तिथेच अडखळतो. आपल्याकडे तिचे जुने रिपोर्ट असतील तर ते काढून पाहावेत. शाळेत असताना किंवा एखाद्या तापाच्या वेळी केलेल्या सीबीसीत एमसीव्ही असाच साठ-पासष्टच्या आसपास असेल, तर तो जन्मजात आहे असे समजायला मोठा आधार मिळतो. पूर्वी कधी तो 85 असेल, तर थॅलेसेमियाची शंका जवळपास सोडून द्यावी लागेल. जुना रिपोर्ट फुकटचा पुरावा असतो आणि तो कोणी मागत नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

सूत्रांवर विसंबण्यात आणखी एक अडचण आहे. समजा, लहान पेशींच्या रक्तक्षयाच्या 100 स्त्रिया आहेत, त्यांतल्या 80 जणींना लोहाची कमतरता आहे आणि 20 जणी थॅलेसेमियाच्या वाहक आहेत. हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. सूत्र दोन्ही बाजूंना 85 टक्के अचूक आहे असे धरले, तर ते 20 पैकी 17 वाहक ओळखेल आणि 3 सोडून देईल. त्याच वेळी लोहाच्या कमतरतेच्या 80 पैकी 12 जणींना ते चुकून वाहक ठरवेल. म्हणजे ज्या 29 जणींवर वाहकाचा शिक्का बसला, त्यांतल्या 12 वाहक नाहीतच. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, तर बीटा थॅलेसेमियाच्या (ग्लोबिनची बीटा साखळी कमी बनते त्या प्रकाराच्या) वाहकांचे देशातले सरासरी प्रमाण 3 ते 4 टक्के सांगितले जाते. एक आजार एवढा सर्रास आणि दुसरा त्या मानाने विरळ असताना चांगले सूत्रही अनेकदा चुकते.

काही परिस्थितींत तर ही सूत्रे वापरूच नयेत. गरोदरपणात रक्तातला द्रव वाढून आरबीसी आणि हिमोग्लोबिन दोन्ही पातळ होतात. नुकतेच रक्त चढवले असेल तर आकडे दुसऱ्याच्या पेशींचे असतात. बी-12 कमी असेल तर पेशी मोठ्या होऊ पाहतात, आणि लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर सोबत असेल तर एमसीव्ही मधल्यामध्ये राहून दोन्ही झाकले जातात. कटाक्षाने शाकाहारी घरांत हे लक्षात ठेवावे. लहान मुलांचा एमसीव्ही मुळातच कमी असतो, म्हणून त्यांना मोठ्यांच्या मर्यादा लावू नयेत. पॉलिसायथीमिया व्हेरा या विकारात पेशी वाढलेल्या असतात आणि लोह संपलेले असते, तेव्हा मेंट्झरचे उत्तर हुबेहूब थॅलेसेमियासारखे येते. क्षयरोग, संधिवात यांसारख्या दीर्घ आजारांतही पेशी थोड्या लहान होतात, शिशाच्या विषबाधेतही होतात. पण आपल्या मुलींच्या बाबतीत अशी काही खूण पत्रात नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

आता तपासण्यांविषयी. फेरिटिन हा शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा निर्देशक आहे. निरोगी प्रौढ व्यक्तीत तो लिटरला 15 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर साठा संपला आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानते, आणि अनेक डॉक्टर 30 च्या खालीच कमतरता धरून उपचार करतात. ताप, संसर्ग किंवा अंगात सूज असेल तर फेरिटिन खोटे वाढते, म्हणून सर्दी-तापाच्या आठवड्यात ही तपासणी करू नये. एचपीएलसीमध्ये हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. त्यातला एचबी ए-2 हा घटक निरोगी व्यक्तीत साधारण 2 ते 3.3 टक्के असतो, आणि बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांत बहुधा 4 च्या वर असतो. 3.3 ते 3.9 हा संदिग्ध पट्टा आहे. लोहाच्या कमतरतेने ए-2 थोडा खाली येतो, त्यामुळे वाहक व्यक्तीचा आकडाही या पट्ट्यात किंवा क्वचित त्याच्याही खाली येऊ शकतो. आपल्या मुलीचा ए-2 स्वच्छ 4 च्या वर आला तर फेरिटिन काहीही असो, निदान पक्के समजावे. तो संदिग्ध आला आणि फेरिटिनही कमी असेल, तर लोह भरून काढून तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात, पण लग्नाची तारीख जवळ असेल तर वाट न पाहता थेट जनुकीय तपासणी करावी. ए-2 आणि फेरिटिन दोन्ही अगदी मर्यादेत आले, तर अल्फा थॅलेसेमियाचा (ग्लोबिनची अल्फा साखळी कमी बनते त्या प्रकाराचा) विचार करावा लागतो. तो एचपीएलसीत दिसत नाही, त्यालाही जनुकीय तपासणीच लागते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे, जिला सगळे एनआयआयएच म्हणतात. अशा गुंतागुंतीच्या तपासण्यांसाठी राज्यभरातून नमुने तिथे जातात. आपल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर तिथे विचारता येईल.

"थॅलेसेमिया सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी यांच्यात असतो, आमच्यात नाही" असे आपल्याला कोणी म्हणेल. त्या समाजांत वाहकांचे प्रमाण जास्त आहे हे खरे, पण मराठी बोलणाऱ्या समाजांतही वाहक सापडतात. आडनाव पाहून तपासणी टाळण्याची चूक डॉक्टरांनीही करू नये.

गोळ्यांविषयी माझे म्हणणे असे. फेरिटिनचा अहवाल येईपर्यंत चालू आहे ते चालू ठेवावे, आठ-पंधरा दिवसांत काही बिघडत नाही. फेरिटिन कमी आले तर लोह हवेच, मग ती वाहक असो वा नसो. ते पुरेसे आले आणि ए-2 वाढलेला असेल, तर लोहाच्या गोळ्यांचा तिला काही उपयोग नाही, आणि गरज नसताना वर्षानुवर्षे लोह घेणे हिताचेही नाही. मग साडेदहा-अकरा हेच तिचे हिमोग्लोबिन आहे असे समजून ते वाढवण्याचा हट्ट सोडावा. थॅलेसेमिया मायनर पुढे कधी मेजर, म्हणजे वरचेवर रक्त चढवावे लागणारा गंभीर प्रकार, होत नाही, त्याला उपचार लागत नाही, आणि ती नोकरी, व्यायाम, बाळंतपण सगळे करू शकते. गरोदरपणात हिमोग्लोबिन आणखी उतरते, तेव्हा तेवढी देखरेख अधिक लागेल.

याच जागी एक प्रश्न विचारला पाहिजे : तिने दोन वर्षे गोळ्या खरोखर नियमित घेतल्या का, आणि कशाबरोबर घेतल्या? चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतलेले लोह फारसे शोषले जात नाही. पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल तर जितके येते तितके जाते. गोळ्यांनी फरक पडला नाही एवढ्यावरून थॅलेसेमिया सिद्ध होत नाही. नीट शोषल्या जाणाऱ्या लोहाने कमतरता असलेल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन चार आठवड्यांत एक ग्रॅम किंवा अधिक वाढायला हवे. ही साधी कसोटी तिच्या बाबतीत कोणी लावून पाहिलेली दिसत नाही.

धाकटीचे आकडे लोहाच्या कमतरतेचे आहेत आणि तिच्या बाबतीत सगळी सूत्रेही एकमताची आहेत. तिचेही फेरिटिन करून घ्यावे. गोळी रिकाम्या पोटी किंवा लिंबूपाण्याबरोबर रोज एक, किंवा डॉक्टर सांगतील तर एक दिवसाआड घ्यावी, चहा तासाभराने घ्यावा. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी, म्हणजे साठा भरतो. त्याचबरोबर लोह कुठे जात आहे हे शोधावे. पाळी किती दिवस असते, किती पॅड लागतात, शौचातून रक्त जाते का, हे आईने विचारावे आणि डॉक्टरांना सांगावे. कारण न शोधता दिलेली गोळी सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते.

पण मेंट्झर 17 आला म्हणून धाकटीची एचपीएलसी टाळू नये. थोरली वाहक निघाली तर आपण किंवा आपले यजमान यांपैकी निदान एक जण वाहक असणार, आणि मग धाकटीलाही ते जनुक मिळाले असण्याची शक्यता निम्मी असते. 17 हा आकडा रस्त्यावरच्या अनोळखी मुलीचा असता तर त्याचा अर्थ वेगळा होता, वाहक मुलीच्या सख्ख्या बहिणीचा असताना तो वेगळा आहे. तिचे लोह आधी भरून घ्यावे आणि तीन-चार महिन्यांनी एचपीएलसी करावी, तिला घाई नाही. आपण दोघांनीही आपले सीबीसी आणि एचपीएलसी करून घ्यावी, म्हणजे जनुक कोणत्या बाजूने आले ते कळेल आणि त्या बाजूच्या मावस, चुलत, आते भावंडांनाही सांगता येईल.

आता लग्नाचा प्रश्न, ज्यासाठी मी लगेच तपासणी सांगितली. थोरली वाहक असेल आणि होणारा नवरा वाहक नसेल, तर मुलांपैकी कोणालाही थॅलेसेमिया मेजर होणार नाही, फार तर काही मुले वाहक होतील. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात थॅलेसेमिया मेजरची शक्यता 25 टक्के असते. त्या बाळाला पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि साठणारे लोह काढण्याचे औषध कायम घ्यावे लागते. मुलाकडचे चंद्रपूरचे आहेत असे आपण सहज लिहिले आहे, पण मी ते वाक्य दोनदा वाचले. विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याच्या आनुवंशिक विकाराचे, प्रमाण लक्षणीय आहे. एकाकडे थॅलेसेमियाचे आणि दुसऱ्याकडे सिकलसेलचे जनुक असेल, तर मुलांना सिकल-बीटा थॅलेसेमिया होऊ शकतो, आणि त्याची शक्यताही प्रत्येक वेळी 25 टक्के असते. सिकलसेलच्या वाहकाचे हिमोग्लोबिन, एमसीव्ही, आरबीसी हे सगळे पूर्ण मर्यादेत असू शकतात, त्यामुळे त्याच्या सीबीसीवर मेंट्झर काढून काहीही कळणार नाही. त्याची एचपीएलसीच हवी. शिबिरात केलेली सिकलची सोल्युबिलिटी चाचणी त्याच्याकडे असेल, तर ती फक्त सिकलविषयी सांगते, थॅलेसेमियाविषयी काहीच सांगत नाही.

म्हणून सासरी सांगावे का, याचे माझे उत्तर होय असे आहे. मात्र आधी मुलीला सांगावे, कारण ही तिची माहिती आहे. मग तिने आणि त्या मुलाने मिळून ठरवावे आणि दोघांनी एकाच आठवड्यात एचपीएलसी करून घ्यावी. "तुमच्या मुलीत दोष आहे" असे बोलायला कोणालाही वाव राहू नये यासाठी दोघांची तपासणी एकाच वेळी होणे सगळ्यांत सोयीचे ठरते. वाहक असणे हा आजार नाही, आणि त्यात मुलीचा, आपला किंवा आपल्या आहाराचा काही दोष नाही. दोघेही वाहक निघाले तरी लग्न मोडण्याचे कारण नाही. गरोदरपणाच्या अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास वारेच्या पेशींची तपासणी करून बाळाला मेजर आहे का ते कळते, आणि पुढचा निर्णय त्या दोघांचा असतो. त्यासाठी दोघांचे जनुकीय दोष आधीच शोधून ठेवलेले असावे लागतात. ते काम गरोदर राहिल्यावर सुरू केले तर आठवडे हातातून जातात.

एचपीएलसीसाठी उपाशी राहावे लागत नाही. नमुना सीबीसीच्याच जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात, म्हणून त्याच दिवशी ताजे सीबीसीही करून घ्यावे आणि लॅबला आरबीसी, एमसीव्ही, आरडीडब्ल्यू अहवालावर छापायला सांगावे. होणाऱ्या जावयाला किंवा मुलीला गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवले असेल तर ते लॅबला आधी सांगावे, नाहीतर तपासणी रक्तदात्याच्या हिमोग्लोबिनची होईल. अहवाल आले की आपल्या फॅमिली डॉक्टरांना दाखवावेत, आणि ए-2 चा आकडा 3.3 ते 3.9 च्या पट्ट्यात असेल किंवा सिकलची रेषा दिसत असेल, तर रक्तविकारतज्ज्ञांची भेट घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.